सी बास खायला कसा लागतो? आधी कुठला सी बास ते ठरवू

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सुरमई, पापलेट, बांगडा खाऊन वाढलेले. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात त्यांनी ‘सी बास’ खाल्ला, तो लोण्यासारखा मऊ होता. नंतर दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाने आलेली तुकडी कोरडी आणि बेचव निघाली. लंडनला भावाकडे गेले तिथे तिसराच प्रकार: हातभर लांबीचाही नाही असा छोटा मासा, पातळ आणि नाजूक. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. सी बासची खरी चव कोणती, बासा म्हणून मिळतो तो हाच का, आणि घरी करायचा तर काय आणायचं.

मी मूळचा अलिबाग-पेणच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला. आयुष्य गेलं मुंबईच्या हॉटेलांच्या किचनमध्ये, बहुतेक वेळ माशांच्या विभागात. त्यामुळे या माशाशी माझी ओळख दोन्ही बाजूंनी आहे, घरच्या पातेल्यातली आणि पांढऱ्या प्लेटमधली.

तुम्ही तीन वेळा तीन वेगळे मासे खाल्लेत. लोण्यासारखा लागला तो बहुधा ‘चिलियन सी बास’, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडच्या थंड समुद्रातला टूथफिश. लंडनचा तो युरोपियन सी बास. आणि मधला कोरडा निघाला तो, हॉटेलवाल्याने फसवलं नसेल तर, आपला जिताडा. आशियाई सी बास म्हणतात तो हाच. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. कोकणात काही ठिकाणी खजुरा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. हे तिन्ही मासे एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नाहीत, व्यापाराने एका नावाखाली आणले इतकंच. बासा तर यातला कुठलाच नाही, त्याच्याकडे शेवटी येतो. आधी जिताड्याबद्दल सविस्तर बोलू, कारण आपल्याला ताजा मिळू शकतो तो हाच, आणि ‘कोरडा, बेचव’ हा शिक्का त्याच्यावर बसलाय तो चुकीचा आहे.

जिताड्याची चव सौम्य असते. बांगड्या-तारलीसारखा तेलाचा वास याला नाही. सुरमईच्या तुकडीत एक ठसठशीत, किंचित रक्ताकडे झुकणारी चव असते, तीही नाही. पापलेटाइतका तो मऊसूतही नाही. चांगला जिताडा तोंडात घातला की पहिल्या क्षणी फार काही जाणवत नाही. चावायला लागलं की पाकळ्या सुटतात, मोठ्या, जाड, पांढऱ्याशुभ्र, आणि त्या पाकळ्यांमधून गोडसर रस येतो. ही चव हळू येते आणि थोडा वेळ टिकते. म्हणून पहिल्या घासावरून या माशाबद्दल मत बनवू नका असं मी नेहमी सांगतो. ज्यांना माशाला ‘माशाचा वास’ हवा असतो त्यांना हा फिका वाटणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बांगड्याच्या तिखल्यावर जीव असलेल्या माणसाला मी जिताडा आवडायलाच हवा असं म्हणणार नाही. या माशाची खरी मजा पोतात आहे, कातडीत आहे आणि चरबीत आहे. आणि हॉटेलात नेमक्या याच तीन गोष्टी काढून टाकून मधला पांढरा चौकोन तुम्हाला वाढतात.

कातडी जाड असते. खवले नीट काढून, कोरडी पुसून तव्यावर खाली दाबून भाजली तर ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि तिच्याखालचा चरबीचा पातळ थर वितळून मांसात उतरतो. कातडी काढलेला जिताडा मी स्वतः पैसे देऊन कधी मागवणार नाही. पोटाकडचा भाग सगळ्यात स्निग्ध. खाडीतल्या माशात तो पातळ असतो, तळ्यात खाऊन-पिऊन वाढलेल्यात चांगला जाड. पाठीकडची तुकडी दिसायला देखणी, पण तीच सगळ्यात आधी कोरडी पडते. शेपटीकडचं मांस घट्ट, चव थोडी तीव्र, तळायला उत्तम. मानेचा, म्हणजे कल्ल्यांच्या मागचा भाग, ज्याला किचनमध्ये आम्ही कॉलर म्हणतो, तो जाणत्याने मागून घ्यावा. तिथे हाड, चरबी आणि घट्ट मांस एकत्र असतं. आणि डोकं. चार-पाच किलोच्या जिताड्याचं डोकं उभं चिरून कालवणात टाकलं की गालातले दोन गोळे, ओठांभोवतीचा चिकट भाग, डोळ्यामागची चरबी, सगळं रश्शात उतरतं आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. आमच्याकडे जावई यायचा असला की जिताडा आणतात आणि डोक्यावरून घरात थट्टा चालते. तालुक्याच्या साहेबांकडेही पूर्वी हा मासा पोहोचवला जायचा असं जुनी माणसं सांगतात. काम झालं की नाही ते मात्र सांगत नाहीत.

काट्यांबद्दल विचारलं नाहीत, पण घरात लहान मुलं असतील तर हे कामाचं आहे. रोहू किंवा पाला (हिल्सा) या माशांसारखे मांसात दडलेले बारीक दुफाटी काटे याला नसतात. मधला कणा, बरगड्या आणि डोक्याकडच्या अर्ध्या भागात काट्यांची एक रांग, जी चिमट्याने ओढून निघते. तेवढं केलं की तुकडी निर्धास्त मुलाच्या ताटात वाढता येते. साफ करणाऱ्याला मात्र हा मासा सुखाने साफ करू देत नाही. खवले मोठे आणि घट्ट, पाठीवरचे काटे दणकट, आणि कल्ल्यांवरच्या झाकणाची कड इतकी धारदार की बेसावध बोट कापलंच म्हणून समजा. घरी साफ करण्याचा हट्ट धरू नका, कोळणीकडूनच करून घ्या. तिला तुकड्या पाडायला सांगताना ‘एक बोट जाड’ सांगा. पातळ तुकड्यांनी या माशाचं वाटोळं होतं.

आता पाण्याबद्दल. एकच जिताडा दोन ठिकाणी दोन चवींचा का लागतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हा मासा समुद्र, खाडी आणि गोडं पाणी या तिन्हींत राहू शकतो. अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं, म्हणून पावसाळ्याच्या सुमारास मोठे मासे खाडीच्या मुखाकडे जातात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत, खाजणात (भरतीचं पाणी येणाऱ्या सखल जमिनीत), भातशेताच्या बांधापर्यंत आत येतात. खारेपाटात समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधांना उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं असतात. तिथे, आणि गोव्यात खाजणांच्या मानशीवर (तीही अशीच दारं), हा मासा पूर्वापार पकडला जातो. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या बाजूला शेताच्या कडेला, घराच्या मागे तळी आहेत. पावसाळ्यात खाडीतून मिळालेली पिल्लं त्यात सोडायची आणि मोठी करायची हा तिथला जुना धंदा. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा या तळ्यांना सोन्याचा भाव येतो. आता पिल्लांसाठी केवळ खाडीवर अवलंबून राहावं लागत नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली या माशाचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं, त्यानंतर हॅचरीची, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राची पिल्लं मिळायला लागली. सिंधुदुर्गात खाडीतल्या पिंजऱ्यांतही जिताडा वाढवला जातो. पिल्लं मोठी खादाड: आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठी भावंडं सहज गिळतात, म्हणून तळेवाल्याला ती सतत आकारानुसार वेगळी करत बसावी लागतात.

या सगळ्याचा चवीशी संबंध असा. खाऱ्या पाण्यात राहणारा मासा बाहेरच्या मिठाशी तोल राखायला आपल्या मांसात ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं साठवतो, आणि ग्लायसीन चवीला गोड असतं. म्हणून खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रात मिळालेला जिताडा जास्त गोड आणि भरीव लागतो. पूर्ण गोड्या पाण्यातला तुलनेने सपक. आणि साचलेल्या तळ्यातला असेल तर वर मातकट वास. तो वास चिखल खाल्ल्याने येतो असं लोक समजतात, तसं नाही. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात जातो आणि चरबीत साठतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येतो तो सुगंध याच जिओस्मिनचा. जमिनीत हवाहवासा, तुकडीत नकोसा. चांगला तळेवाला विक्रीआधी मासा काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवतो, मग हा वास निघून जातो. जो ठेवत नाही त्याचा मासा तुम्ही एकदा खाल आणि आयुष्यभर ‘जिताडा वास मारतो’ म्हणत राहाल.

बाजारात ओळखायचं कसं? रंगाने बराच अंदाज येतो. खुल्या खाऱ्या पाण्यातला मासा चंदेरी असतो, पाठ फिकट करडी-हिरवट. गढूळ किंवा गोड्या पाण्यातला काळसर, तपकिरी झाक असलेला. हा नियम पक्का नाही, म्हणून विक्रेतीला सरळ विचारा ‘खाडीचा की तळ्याचा’. आमच्या बाजूच्या बायका खोटं सांगत नाहीत, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मासा घरी आला आणि कापताना मातीचा वास आलाच, तर कातडी, पोटाची चरबी आणि मधली लालसर पट्टी काढून टाका, कारण वास तिथे जास्त साठलेला असतो. उरलेलं मांस चिंचेच्या कोळात किंवा आगळात अर्धा तास ठेवा. आंबटाने वास बराच कमी होतो. आपल्या कालवणात आमसूल, चिंच, कैरी पडते त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं. अशा माशाचं कालवण करा, वाफवून खाऊ नका.

आकारही पाहा. अर्ध्या-पाऊण किलोचा जिताडा अख्खा वाफवायला छान, मांस नाजूक, पाकळ्या लहान. दीड ते तीन किलो हा माझा आवडता टप्पा: तुकडी भरदार, मांस रसाळ, कातडी खाण्याजोगी. पाच किलोच्या पुढे पाकळ्या जाड होतात, चावायला जोर लागतो, पण डोकं आणि मान भन्नाट. हा मासा साठ किलोपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, पण तसल्या धुडाच्या मांसात मला रस नाही. गंमत म्हणजे जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी त्यांतले बरेचसे माद्या होतात. म्हणजे गाभोळी हवी असेल तर लहान माशात शोधून उपयोग नाही. आणि नुकतीच अंडी टाकलेली मादी घेऊ नका: पोट सैल पडलेलं, मांस पाणचट. डोकं मोठं आणि पाठ आत गेलेली दिसली की पुढच्या टोपलीकडे सरका.

ताजेपणाबद्दल माझं मत गावाला पटत नाही. आमच्याकडे जिवंत, उड्या मारणारा मासा कापून लगेच चुलीवर चढवण्यात मोठेपणा मानतात. पण मारल्यानंतर काही तासांत मासा ताठतो, आणि त्या ताठलेल्या अवस्थेत तुकडी तव्यावर टाकली की ती आक्रसते, वाकडी होते आणि रबरासारखी लागते. दोन-तीन किलोचा जिताडा आतडी-कल्ले काढून, आत-बाहेर बर्फ घालून एक रात्र ठेवला तर मांस सैल पडतं आणि चवही उघडते. हॉटेलात आम्ही एक दिवस ठेवूनच वापरतो. छोटा मासा मात्र त्याच दिवशी संपवावा. आणि हे बर्फाबद्दल आहे, घरच्या फ्रिजबद्दल नाही. घरचा फ्रिज माशाला पुरेसा थंड नसतो.

आता तुम्हाला मिळालेल्या त्या कोरड्या तुकडीकडे. जिताड्याच्या मांसात चरबी कमी असते, ती बहुतेक पोटात आणि कातडीखाली. त्यामुळे आच आणि वेळ याबाबत हा मासा माफ करत नाही. मांस पारदर्शक होतं ते दुधी झालं, पाकळ्या सुरीच्या टोकाने अलगद सुटायला लागल्या, की झालं. त्यानंतरच्या दर मिनिटाला पाणी बाहेर पडतं आणि तव्यावर पांढरे दह्यासारखे ठिपके दिसतात. ते ठिपके दिसले की उशीर झाला समजा. मेजवानीच्या हॉटेलात तुकडी आधी अर्धी शिजवून ठेवतात, ऑर्डर आली की पुन्हा गरम करतात, वर दिव्याखाली ठेवतात. अशाने कुठलाही जिताडा कोरडा होणार.

घरी पहिल्यांदा करणार असाल तर तव्यावरच करा. कातडीसकट दोन सेंटीमीटर जाडीचे, काटे काढलेले तुकडे. कातडी सुरीच्या पाठीने निपटून कोरडी करायची, मीठ ऐन वेळी लावायचं. बिडाचा तवा चांगला तापवून तेल, तुकडा कातडी खाली करून ठेवायचा आणि पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरायचा, नाहीतर तो धनुष्यासारखा वाकतो. आच मध्यम. चार-पाच मिनिटं हलवायचा नाही. कडेने वरपर्यंत पांढरं चढत आलं की उलटून जेमतेम एक मिनिट. बस्स. वर लिंबू. हळद-तिखट-आलं-लसूण लावून रव्यात घोळवून तळलेला जिताडा मलाही आवडतो, पण त्यात तुम्ही रवा आणि मसाला खाता, मासा आतून फक्त ओलावा देतो. गोव्यात चोणक रव्यात तळतात तेव्हा तुकडी जाड ठेवतात आणि मसाला पातळ, म्हणून तो बरा लागतो. मसाला अर्धा करा, तुकडी दुप्पट करा, एवढंच सांगेन.

कालवणाची गोष्ट वेगळी. आगरी घरातलं जिताड्याचं कालवण लाल, पातळ, लसणीच्या फोडणीचं, वर आंबटाला चिंच किंवा कैरी. नारळ घालावा की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. मी न घालणाऱ्यांत, कारण डोक्याच्या चिकटपणामुळे रश्शाला आपोआप अंग येतं. कृती अशी की मसाला, मीठ, आंबट सगळं घालून रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यायचा. मग डोकं आणि मान, ती सात-आठ मिनिटं. त्यानंतर तुकड्या, त्यांना पाच मिनिटं पुरतात. पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं. गॅस बंद केल्यावर झाकून वीस मिनिटं ठेवायचं. सकाळचं कालवण रात्री जास्त चांगलं लागतं, पण परत उकळू नका, कोमट होईल इतकंच तापवा. भाकरी तांदळाची.

या माशाची निखळ चव बघायची असेल तर वाफवून खा, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकाबाहेर जावं लागेल. आपल्याकडे मासा वाफवून खाण्याची सवय कमी. थायलंडमध्ये पाऊण किलोचा अख्खा सी बास वाफवून वर लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि फिश सॉस यांचा आंबट-तिखट सार ओततात. चिनी पद्धतीत आल्याच्या काड्या, कांद्याची पात, सोया सॉस आणि वरून कडकडीत तेल. दोन्हींत एक गोष्ट समान: पाणी खळखळ उकळत असतानाच मासा आत जातो, दहा-बारा मिनिटांत बाहेर येतो, आणि ताटलीत साचलेलं पहिलं पाणी फेकून दिलं जातं, कारण नकोसा वास त्या पाण्यात असतो. भेटकीच्या बाबतीत बंगाल्यांचंही ऐकावं. केळीच्या पानात मोहरीचं वाटण, हिरवी मिरची आणि मोहरीचं तेल लावून केलेली पातुरी हा या माशाचा मला माहीत असलेला सर्वांत योग्य उपयोग आहे. पानामुळे ओलावा आत राहतो, मोहरीचा झणका मांसाच्या गोडीला उठाव देतो. त्यांची पाव-चुऱ्यात घोळवून तळलेली फिश फ्रायही याच माशाची, आणि तिथेही जाड तुकडीशिवाय मजा नाही.

चिलियन सी बासबद्दल थोडक्यात. पॅटागोनियन टूथफिश असं त्याचं खरं नाव. ली लँट्झ नावाच्या अमेरिकी मासे-व्यापाऱ्याने १९७७ साली त्याला विकायला सोपं जाईल असं ‘चिलियन सी बास’ हे नाव दिलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते बाजारातलं नाव म्हणून मान्य केलं. हा खूप खोल, गोठवणाऱ्या पाण्यातला मासा. त्याला पोहण्याची हवेची पिशवी नसते, तरंगायला तो चरबीवर अवलंबून असतो, म्हणून चरबी त्याच्या मांसातच सर्वत्र पसरलेली असते. त्यामुळे आचाऱ्याने पाच मिनिटं जास्त शिजवला तरी मऊच राहतो. तुमचा लोण्यासारखा अनुभव इथून आला. खरं सांगायचं तर हा मासा शेफ लोकांना आवडतो त्याला चवीइतकंच हेही कारण आहे की तो बिघडत नाही. दोन-चार घास स्वर्ग, दहाव्या घासाला जड. आपल्याकडे तो गोठवलेला, परदेशातून येतो, त्यामुळे भावही तसाच असतो. एके काळी त्याची बेकायदा मासेमारी इतकी बोकाळली होती की २००२ साली अमेरिकेतल्या अनेक शेफनी तो मेनूतून काढण्याची मोहीम केली होती. आता प्रमाणित मासेमारीचाही मिळतो. घ्यायचाच तर कुठून आला ते विचारून घ्या. वरचेवर खाण्याचा हा मासा नव्हे, वाढायला खूप वर्षं घेतो आणि त्यात पाराही जास्त असतो. गरोदर बायकांनी टाळावा.

युरोपियन सी बास, ज्याला इटालियन ब्रांझिनो म्हणतात, तो जिताड्याच्या चवीला जवळचा पण सगळ्याच बाबतीत हलका. बाजारात येणारा बहुतेक ग्रीस आणि तुर्कस्तानच्या पिंजऱ्यांतला, चारशे ते सहाशे ग्रॅमचा. पातळ कातडी, बारीक पाकळ्या, स्वच्छ खारट-गोड चव. पापलेट खाणाऱ्यांना तिघांतला हा सगळ्यात पटकन आवडतो. आपला जाड मसाला त्याला सोसत नाही. जपानी लोक त्यांच्या सी बासचे पातळ काप बर्फाच्या पाण्यात आक्रसवून कच्चे खातात, उन्हाळ्यातला पदार्थ. ते वाचून कुणी तळ्यातला जिताडा कच्चा खायला जाऊ नये. कच्चं खाण्यासाठी म्हणून हाताळलेला मासा नसेल तर जंत आणि जिवाणू दोन्हींची भीती.

राहिला बासा. हा व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात आणि आता आंध्रातही प्रचंड प्रमाणात वाढवला जाणारा, गोड्या पाण्यातला बिनखवल्यांचा पंगास जातीचा मासा. स्वस्त, बिनकाट्याचा, बिनवासाचा. खाण्यात वाईट काही नाही, फक्त तो जिताड्याच्या भावाने विकला जातो तेव्हा चिडायला हवं. कोलकात्यात भेटकीच्या नावाखाली बासा खपवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, मुंबईच्या मेनूंतही ‘बास’ आणि ‘बासा’ यांची सरमिसळ सर्रास असते. ओळख सोपी आहे. शिजलेल्या तुकडीत काटा घालून पिळा. जिताडा जाड, वेगळ्या पाकळ्यांत सुटतो. बासाचा लगदा होतो, पाकळी सापडत नाही, आणि ताटात पाणी सुटतं. कच्चा असेल तर बासाचा तुकडा चपटा, सगळीकडे सारखा, हाताला बुळबुळीत. जिताड्याचा पाठीकडे जाड आणि बोटाने दाबला तर परत वर येणारा. शंका असेल तर कातडीसकट मागवा, दुकानदार ती खोटी आणू शकत नाही.

तर पहिल्यांदा काय आणावं? रायगडात किंवा मुंबईत असाल तर दोन किलोच्या आसपासचा चंदेरी जिताडा, अख्खा. तुकड्या एक बोट जाड, डोकं आणि मान वेगळी बांधून घ्या. मधल्या चार तुकड्या कातडीसकट तव्यावर फक्त मीठ-लिंबू लावून, डोकं आणि उरलेल्याचं कालवण. लंडनला भावाकडे परत गेलात तर सुपरमार्केटमधले कातडीवाले सी बासचे तुकडे घ्या, कातडी खाली ठेवून तीन मिनिटं, उलटून अर्धं मिनिट, आणि सोबत आमसुलाचं सार करा. तिकडचे तुकडे पातळ असतात, म्हणून माझ्या वरच्या वेळा तिथे लावू नका.